पिठाच्या डब्यातलं बाळ

अल्बुकर्की
१९ एप्रिल

बर्नाडेट,

कशी आहेस वगैरे विचारत नाही. मजेतच असशील. गावचा देव उचलून जिनं परक्यांच्या काचेच्या पेटीत बसवला, तिला काय धाड भरलीय?

हो, कळलं मला. कुणी चुगली केली नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मी इथे अल्बुकर्कीच्या एका संग्रहालयात राखणीला लागलोय. निळा कोट, छातीवर नावाची पट्टी, आणि दिवसभर उभं राहून "हात लावू नका" म्हणायचं. हे काम मिळालं कसं तीही गंमतच आहे, अमरिलोच्या जत्रेतला पाळणा मध्येच अडकला तिथून ती सुरू होते, पण राहू दे. आत्ता मी चिडलोय आणि गमती सांगत बसलो की माझा राग थंड होतो. तुला माहीत आहे माझं.

पहिल्याच दिवशी ओर्लांडोनं मला सगळी दालनं फिरवून दाखवली. ओर्लांडो म्हणजे इथला सगळ्यात जुना राखणदार. मिशा अशा, की सूप पिताना त्या आधी जेवतात. तिसऱ्या दालनात वळलो आणि समोर सान अंतोनियो. आपला. लोस अलिसोसचा. मान तशीच किंचित उजवीकडे, मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते ऐकत असल्यासारखी. म्हटलं, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी असेल. मग झग्याचा काठ बघितला. जळका डाग. मी नऊ वर्षांचा होतो, माझ्या हातून मेणबत्ती कलंडली, आणि तू आधी मला थोबाडीत मारलीस, मग देव विझवलास.

पाटीवर लिहिलंय: "संत अंतोनियो. कॉटनवुडचं लाकूड, चुना, वनस्पतींचे रंग. सुमारे १८४०. बाल येशूची मूर्ती गहाळ."

गहाळ! डावा हात नुसताच वाकलेला, रिकामा. जेवणाच्या रांगेत ताट विसरून आलेल्या माणसासारखा उभा आहे तो. बाळ कुठाय, बर्नाडेट? यांनी पाडलं, की तू देतानाच बेपर्वाई केलीस?

ऑफिसात विचारलं. देणगीच्या कागदावर सही आहे: बर्नाडेट त्रुहियो, मायोर्दोमा. कारण दिलंय की चर्चचं छप्पर गळतं आणि लाकडाला कीड लागतेय. मायोर्दोमा म्हणजे चर्चची किल्ली सांभाळणारी, म्हणून आतला देव तुझा झाला? गावात कुणाला विचारलंस? मला, सख्ख्या भावाला, विचारलंस? आता म्हणशील, तुला कुठल्या पत्त्यावर विचारायचं. आई गेली तेव्हाही तू हेच म्हणालीस. तेव्हा निरोप मला उशिरा मिळाला, हे शंभरदा सांगून झालंय.

मला एकच गोष्ट हवी आहे. तेरा जूनला त्याचा सण. त्या दिवशी तो आपल्या गावात, चौघांच्या खांद्यावर, कालव्याच्या कडेनं फिरला पाहिजे. देताना सही तुझी होती, तेव्हा परत मागायचं पत्रही तुझंच लागतं. मी विचारून घेतलंय. एक पान लिही. बास.

देल्फिनो


३ मे

बर्नाडेट,

चौदा दिवस झाले. टपाल खेचरावरून येतं का अजून?

बरं, तुझ्या देवाचं इथे काय चाललंय ते ऐक, म्हणजे झोप उडेल. इथे मेरेडिथ नावाची बाई आहे. तिचं काम एवढंच, आजच्या माणसांना जुन्या कलेशी जोडायचं. बाई वाईट नाही. दुपारचा डबा राखणदारांबरोबर बसून खाते, आणि ओर्लांडोची हिरवी मिरची खाऊन रडली तरी दुसऱ्या दिवशी परत मागते. पण तिनं अंतोनियोसमोर एक मोठा पडदा लावलाय. वर लिहिलंय, "रिकामे हात भरा!" तुम्ही समोर उभं राहायचं, यादीतली वस्तू निवडायची किंवा स्वतःची काही दाखवायची, की पडद्यावर ती अंतोनियोच्या हातात जाऊन बसते. मग फोटो काढून घरी न्यायचा.

काय काय बसलंय त्याच्या हातात, सांगू? फुटबॉल. तीन कुत्री. पिझ्झा. एका पोरीनं स्वतःचा तुटलेला फोन. माझ्या दाढा कडाकडा वाजत होत्या.

मी मेरेडिथला म्हणालो, "हे बंद करा."

ती म्हणाली, "देल्फिनो, माणसं एका मूर्तीसमोर सरासरी अकरा सेकंद थांबतात. अकरा! पडदा लावल्यापासून अडीच मिनिटं थांबायला लागलीत."

"पडद्यासमोर थांबतात, बाई. मूर्तीकडे पाठ करून."

पण पडदा काही हलला नाही.

मग परवा एक धिप्पाड गडी आला, चार मित्र घेऊन. त्यानं खिशातून अर्धा खाल्लेला बुरितो काढला आणि अंतोनियोच्या हातात बसवला. सगळे खदाखदा हसले. खरं सांगू, फोटोत तो बुरितो दिसत होता झक्क, चीज ओघळणारा, मला भूकच लागली. त्याचाच जास्त राग आला. मी ओरडलो, "मागे वळा! पडदा तिकडे, देव इकडे आहे!"

राखणदारानं ओरडायचं नसतं. पण आता तोंड उघडलंच होतं, तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, हा हात फोटोसाठी रिकामा नाहीये. हा हरवलेलं शोधून देणारा संत आहे. पण सुस्त. धाक दाखवल्याशिवाय हलत नाही. म्हणून आमच्या गावात कुणाचं काही हरवलं, की बाई चर्चमध्ये जाते, त्याच्या हातातलं बाळ काढून घेते आणि घरी लपवून ठेवते. माझं शोधून दे, मग तुझं पोर देते. माझ्या आईची गाय हरवली होती, पालोमा. आईनं बाळ पिठाच्या डब्यात घातलं, वर झाकण. दोन दिवस आम्ही त्याच डब्यातल्या पिठाच्या तोर्तिया खाल्ल्या, बाळाला न दुखवता बाजूनं पीठ काढून. तिसऱ्या दिवशी गाय चर्चच्या दारात रवंथ करत उभी. आई हात धुऊन गेली आणि बाळ परत ठेवून आली. ज्या हातानं काढलं त्याच हातानं परत ठेवायचं, दुसऱ्याचा हात चालत नाही.

तो बुरितोवाला टोपी काढून उभा होता. त्याला काय झालं कुणास ठाऊक, बुरितो त्यानं पाठीमागे लपवला.

एक बाई होती, नर्सच्या कपड्यांत, कामावरून तशीच आलेली. ती म्हणाली, "म्हणजे बाळ गहाळ नाही. कुणीतरी लपवलंय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, बर्नाडेट. दोन आठवडे मी त्या हाताकडे बघतोय आणि यांनी हरवलं, यांनी फोडलं, हेच चाललं होतं माझं.

"त्या माणसाचं काय हरवलं होतं?" तिनं विचारलं. आणि मग, "ते कधी सापडलंच नाही तर?"

मी म्हणालो, माझी पाळी संपली. संपली नव्हती. अजून दोन तास होते.

आता तू सांग. बाळ कुठाय?

देल्फिनो


१७ मे

बर्नाडेट,

पोचलं तुझं कार्ड. चार ओळी. तुझं अक्षर अजून तसंच, कुंपणाच्या तारेसारखं. "बाळ गहाळ नाही. पिठाच्या डब्यात आहे. आईनं ठेवलेलं नाही, मी ठेवलंय. देव परत मागणार नाही."

शाबास. म्हणजे देव देताना तू तो अर्धाच दिलास. संग्रहालयाला फसवलंस, गावाला फसवलंस, आणि अंतोनियोला एकट्याला पाठवलंस. पोर ओलीस ठेवून बापाला घराबाहेर काढल्यासारखं.

आणि कशासाठी? आपलं काय हरवलं होतं? पालोमा तर केव्हाच म्हातारी होऊन मेली. आईच्या आजारासाठी काढलं असशील तर ते तुझं चुकलं. आजारपण त्याच्याकडे नसतं, त्याला दुसरे संत आहेत. हा फक्त हरवलेलं बघतो. तेव्हा सांग, काय हरवलं होतं? कानातलं? ट्रॅक्टरची किल्ली?

इथलं म्हणशील तर अजून वाईट झालंय. मेरेडिथनं माझी गोष्ट ऐकली होती, कोपऱ्यात उभी राहून. दुसऱ्या दिवशी बुरितोचा पडदा गेला. मी खूष. तिसऱ्या दिवशी तिथे बटण आलं. दाबलं की माझाच आवाज: "माझ्या आईची गाय हरवली होती..." चाळीस सेकंद. पिठातल्या तोर्तिया तिनं कापल्या, लांबण लागते म्हणे. हो, मीच बोललो त्यात, माझ्यावर कुणी बंदूक नव्हती धरली. त्या खोलीत मऊ खुर्ची होती आणि इथल्या या बुटांनी माझे पाय सोलून निघालेत.

बटणाखाली टोपली. लोकांनी आपलं काय हरवलंय ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं. मला वाटलं, कोण लिहितंय. पण अगं, टोपली दोनदा रिकामी करावी लागते. संध्याकाळी मी आणि ओर्लांडो वाचतो. कुणाची अंगठी. कुणाचा कुत्रा. "आजीची भाषा, मी शिकले नाही." "माझा थोरला, नऊ वर्षं झाली." ही शेवटची त्या नर्सची असणार. ती दर मंगळवारी येते. बटण दाबत नाही, अंतोनियोशी थेट बोलते. काल त्याला म्हणत होती, "मान तिकडे करू नकोस. मी इकडे आहे." मेरेडिथ लांबून बघत होती, डोळे भरलेले. म्हणाली, "देल्फिनो, पस्तीस मिनिटं!"

मला तिच्या हातातलं ते घड्याळ फेकून द्यावंसं वाटलं.

ओर्लांडो चिठ्ठ्या वाचता वाचता मला म्हणाला, "तू का नाही टाकत एक?"

"माझं काही हरवलेलं नाही."

"तुझं नसेल रे. पण तू कुणाचा तरी हरवलेला असशील की."

त्याच्या मिशा एक दिवस मी भादरणार आहे.

उत्तर दे. काय हरवलं होतं?

देल्फिनो


३० मे

बर्नाडेट,

या वेळी एकच शब्द पाठवलास. "तू."

मला माहीत होतं. नर्सनं विचारलं तेव्हाच कळलं होतं. मी उगाच किल्ली आणि कानातलं करत बसलो.

निरोप उशिरा मिळाला, हे खोटं आहे. अडीच वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, मी ओरेगॉनला पेअरच्या बागेत होतो. तुझा पहिला फोन आला तेव्हा शिडीवर होतो, दुसरा आला तेव्हा जेवत होतो. तिसऱ्यांदा तू निरोप ठेवलास, "आई तुझं नाव घेतेय, ये," तो मी त्याच दुपारी ऐकला. बसच्या थांब्यावर गेलो. दक्षिणेची बस समोर उभी होती, चालकानं दार उघडून विचारलंही, येतोस का. मी समुद्राकडे जाणारी पकडली. आई पलंगात एवढीशी झालेली मला बघायची नव्हती. तीन दिवस समुद्र बघितला. थंड, करडा, काही बघण्यासारखा नाही. मग तुला फोन केला, आणि तू म्हणालीस, काल पुरली.

झालं? मिळालं ते? आता तरी देव परत मागशील? राग माझ्यावर आहे तर मला काढ घराबाहेर, तसाही मी बाहेरच आहे. त्या लाकडाच्या माणसाला का शिक्षा? आई गेल्यावर तरी बाळ परत ठेवायचंस. मी मिळालो नाही म्हणून तू अख्ख्या गावाचा सण उपाशी ठेवलास. हट्टी. आई म्हणायची ते खोटं नाही, तुला जन्मतःच दात होते.

तेरा जूनला चौदा दिवस उरलेत.

देल्फिनो


८ जून

बर्नाडेट,

काय केलंस हे? काय केलंस?

सकाळी ओर्लांडोनं दाराशी खोकं दिलं. "तुझ्या नावचं आहे. हलवून बघितलं, काही वाजत नाही. म्हणजे बॉम्ब नाही, पण खायचे तमालेही नाहीत. वाईट वाटलं." मी जेवणाच्या खोलीत उघडलं. आईचा पिवळा एप्रन. त्याच्या घडीत बाळ. बोटाएवढे पाय, नाकावर पीठ. आणि तुझी चिठ्ठी: "घे. मी थकले. त्या पडद्यावाल्या बाईला दे, भरू दे तिला ते रिकामे हात."

ओर्लांडोनं छातीवर क्रूसाची खूण केली. मेरेडिथनं दोन्ही हात तोंडावर नेले आणि मग जी बोलत सुटली ती थांबेचना. तेरा जूनला सोहळा. पत्रकार. कॅमेरे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं बाळ संताच्या हाती परत, लोकांच्या डोळ्यांदेखत, आणि ठेवणार कोण तर मी, बाळाच्याच गावचा मुलगा. "विचार कर, देल्फिनो, माणसं रडतील!"

मी म्हणालो, "नाही."

"नाही म्हणजे?"

"ज्या हातानं काढलं त्याच हातानं परत ठेवतात. तुमच्या बटणात सांगितलंय की मी."

तिचा चेहरा पडला. "तेही कापलं गेलं बहुतेक," ती म्हणाली. मग जरा सावरून, "हे बघ, मूर्ती संग्रहालयाची आहे. बाळ तिचाच भाग आहे."

"कागदावर आहे का?"

"कागदावर..."

"तुमच्या कागदावर बाळ नाही. तुमच्याच पाटीवर लिहिलंय, गहाळ. आणि खोक्यावर नाव माझं आहे."

ओर्लांडोला अचानक खूप खोकला आला.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मग मी त्या नर्सला काय सांगू? तिला वाटतंय की हे बाळ परत आलं तर..."

"तिला सांगा, अजून सापडलेलं नाही. शोध चालू आहे."

पण माझा राग तिच्यावर नाही, बर्नाडेट, तुझ्यावर आहे. बाळ कधी परत करतात? मागितलेलं मिळाल्यावर. मिळायच्या आधी कुणी परत करत नाही. आईनं पालोमासाठी तिसऱ्या दिवसापर्यंत दम धरला. तू अडीच वर्षं धरलास आणि आता टपालानं पाठवतेस? परक्याच्या हातानं ठेवायला? म्हणजे तुला आता मी नकोय. सापडलो तरी नको. मागणंच मागे घेतलंस.

असं करता येत नाही. असं कुणीच कधी केलेलं नाही. गायीसाठीसुद्धा नाही.

देल्फिनो


लोस अलिसोस, कालव्याचा पूल
१२ जून, दुपार

बर्नाडेट,

या पत्राला तिकीट नाही. दाराखालून सरकवणार आहे. समोर आलो तर मी आधी अमरिलोच्या पाळण्याची गोष्ट सांगत बसेन आणि तू दार लावशील.

काल काम सोडलं. बूट परत दिले, कोट परत दिला. निघण्याआधी अंतोनियोसमोर उभा राहिलो. मंगळवार नव्हता, पण नर्स होती. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, "अडीच वर्षं लागली तुला! गाय दोन दिवसांत आणलीस, आणि मला अडीच वर्षं?" दालनात पंधरावीसजण होते. कुणीच हसलं नाही. नर्स त्याला म्हणाली, "ऐकलंस ना? येतात, वेळ लागतो, पण येतात. आता माझ्याकडे बघ." तिच्यामागे एक म्हातारा उभा राहिला. त्याच्यामागे आणखी एक. बटण कुणी दाबलं नाही.

पाटी बदललीय. मेरेडिथनं बदलली, मी नाही. "गहाळ"वर काट मारून पेननं लिहिलंय, "बाळ घरी आहे." ओर्लांडोनं मला बसपर्यंत सोडलं आणि वाटेत चार बिस्कोचितो दिले. तीन मी खाल्ले. चौथा तुझा.

इथून तुझ्या भट्टीचा धूर दिसतोय. सणाच्या पावांचा असणार. देव नसतानाही पाव भाजतेस. हट्टी.

बाळ माझ्या शर्टाच्या आत, छातीशी आहे. एप्रनमध्येच गुंडाळलेलं. नाकावरचं पीठ मी पुसलेलं नाही, ते तुझं आहे, तूच पुस. उद्याच्या मिरवणुकीत देव नसेल तर नसू दे. तू बाळ हातात घेऊन पुढे चाल, सगळं गाव बघू दे की ते तुझ्याकडेच होतं. मग आपण दोघं अल्बुकर्कीला जाऊ. मी मागे उभा राहीन. ठेवायचंस तू, ज्या हातानं काढलंस त्या हातानं. आणि ठेवताना अंतोनियोला सांग की जे मागितलं होतंस ते मिळालं. उशिरा मिळालं, वाईट अवस्थेत मिळालं, पायाला फोड आलेलं मिळालं, पण मिळालं. तो देव परत मागायचा की नाही, ते तिथे त्याच्या तोंडासमोर ठरव. संग्रहालय सोमवारी बंद असतं, मंगळवारी जाऊ.

त्याआधी मला शिव्या द्यायच्या असतील तर दे. समुद्राच्या दे, फोनच्या दे, सगळ्या दे. मी तोंड उघडणार नाही. पण दार उघडून दे. बंद दारातून मला नीट ऐकू येणार नाही.

मी पायरीवर आहे.

देल्फिनो